फॅक्सिमिली घ्यायची तर आधी प्रत विचारा: जुन्या सचित्र वनस्पतिग्रंथांच्या खरेदीचा क्रम

'ही घेतली, बरोबर आहे ना?' असं विचारत मला पुस्तकाचे फोटो पाठवणाऱ्या बहुतेकांनी पैसे आधीच भरलेले असतात. फोटो असतो मुखपृष्ठाचा, फार तर चामड्याच्या पुठ्ठ्याचा. आतल्या पानांचा नसतोच. मग चार-सहा महिन्यांनी कळतं की दुमडीची चित्रं कापली गेलीत, मूळ पान यापेक्षा दुप्पट मोठं होतं, किंवा हे नव्याने टाईप केलेलं पुनर्मुद्रण आहे, फॅक्सिमिली (मूळ पानांची जशीच्या तशी छापलेली प्रतिकृती) नव्हेच.

मीही यातून गेलोय. 'होर्टुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या सतराव्या शतकातल्या लॅटिन ग्रंथाचा पहिला खंड 'फॅक्सिमिली' म्हणून साडेचार हजारांना मागवला. उघडला तर सगळी चित्रं काळपट. मूळ ग्रंथातलं चित्र उघड्या जोडपानावर पसरलेलं असतं. इथे झाडाचा अर्धा भाग एका पानावर, आणि उरलेला अर्धा पान उलटल्यावर! विक्रेत्याचं म्हणणं, 'सर, सगळी पानं आहेत.' होती खरी.

चुका होतात त्या बहुतेक क्रमाच्या. आधी खरेदी आणि मग चौकशी, असा उलटा कारभार. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

टप्पा १: कोणत्या प्रतीची फॅक्सिमिली हवी, ते लिहून काढा

फॅक्सिमिली नेहमी एका विशिष्ट प्रतीची असते. ग्रंथाचं नाव पुरेसं नाही. आवृत्ती कोणती, ती प्रत कोणत्या ग्रंथालयातली, रंगीत की बिनरंगी, हे सगळं ठरल्याशिवाय किंमत विचारण्यात अर्थ नाही.

सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स याचा वनस्पतिग्रंथ घ्या. लॅटिन आवृत्ती बाझेलला १५४२ साली निघाली, जर्मन १५४३ साली. दोन्हींच्या फॅक्सिमिली बाजारात आहेत. टाशेन या प्रकाशकाने छापलेली १५४३ची आहे, आणि ती फुक्सच्या स्वतःच्या संग्रहातल्या, हाताने रंगवलेल्या प्रतीवरून केलेली आहे. ती प्रत उल्म शहराच्या ग्रंथालयात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९९९ साली दोन खंडांत काढलेली १५४२ची. 'फुक्सची फॅक्सिमिली आहे' एवढ्यावर सौदा केला तर लॅटिनच्या अपेक्षेने उघडलेल्या पुस्तकात जर्मन निघतं. (मिरचीचं चित्र दोन्हींत आहे. फुक्सने तिला 'कालिकतची मिरी' म्हटलंय. आपल्याकडे ती आली पोर्तुगीजांबरोबर, आणि त्याला वाटलं ती आपल्याकडून गेली.)

जॉन जेरार्डच्या इंग्रजी 'हर्बल'चंही तसंच. डोव्हर या प्रकाशकाची जाडजूड फॅक्सिमिली आहे ती १६३३च्या आवृत्तीची, म्हणजे थॉमस जॉन्सनने दुरुस्त करून वाढवलेल्या मजकुराची. जेरार्डचा स्वतःचा ग्रंथ १५९७चा. अनेक विक्रेते वर्णनात १५९७ लिहितात आणि पाठवतात १६३३. त्यात फसवणूक असतेच असं नाही, बऱ्याचदा त्यांनाच फरक ठाऊक नसतो.

हस्तलिखितांच्या बाबतीत आकार लिहायला विसरू नका. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथाच्या, सहाव्या शतकात लिहिलेल्या प्रतीची पूर्ण आकाराची फॅक्सिमिली ग्राट्सच्या प्रकाशकाने १९६५ ते १९७० या काळात काढली, पुढे त्याच ग्रंथाची लहान आकाराची स्वस्त आवृत्तीही काढली. मूळ पान सुमारे ३७ × ३० सेंटीमीटर. दोन्हींना 'फॅक्सिमिली'च म्हणतात आणि किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

तपासा: तुमच्या कागदावर ग्रंथ, आवृत्तीचं वर्ष, मूळ प्रतीचं ग्रंथालय, रंगीत/बिनरंगी, पानाचा आकार, खंड किती, या सहा गोष्टी आहेत का? एखादी रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: मूळ ग्रंथाचं स्कॅन आधी उतरवून ठेवा

हे काम फुकट आहे आणि तेच कुणी करत नाही. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयावर 'होर्टुस मलाबारिकुस'चे खंड पाहायला मिळतात. युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांनीही आपापल्या प्रती चढवल्या आहेत. पूर्ण ग्रंथ उतरवायचा नसेल तर शीर्षकपान, सुरुवातीची आठ-दहा पानं, मधली वीस चित्रं आणि शेवटचं पान एवढं तरी जवळ हवंच.

एक खबरदारी. हाताने रंगवलेल्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात. एकीत पाकळी गुलाबी, दुसरीत जांभळट. म्हणून रंग पडताळायचा असेल तर ज्या प्रतीवरून फॅक्सिमिली केली तिचंच स्कॅन हवं. दुसऱ्या प्रतीशी रंग जुळला नाही म्हणून आरडाओरडा करू नका. रेषा मात्र जुळायलाच हव्यात, कारण ठसा एकच होता.

टप्पा ३: विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

फोनवर विचारू नका, लिहून विचारा. उत्तरं जपून ठेवा, वाद झाला तर तीच कामी येतात.

पहिला प्रश्न नेहमी हा: 'पुस्तकाच्या शेवटच्या मुद्रण-टिपेच्या पानाचा फोटो पाठवा.' चांगल्या फॅक्सिमिलीत त्या पानावर, किंवा सोबतच्या भाष्यखंडात, मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयातली आणि तिचा दाखल क्रमांक काय, किती प्रती छापल्या, कागद कोणता, हे दिलेलं असतं. हे पान दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढचं बोलणं नको.

मग पानाची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये मागा, आणि ती पुठ्ठ्याची नको, आतल्या पानाची हवी. बेस्लरच्या १६१३च्या 'होर्टुस आयस्टेटेन्सिस' या जर्मनीतल्या एका बागेच्या सचित्र ग्रंथाचं मूळ पान अर्ध्या मीटरहून उंच आहे, त्यात ३६७ चित्रपानं आहेत. कुणी ३० सेंटीमीटरचं पुस्तक 'मूळ आकारात' म्हणून दाखवत असेल तर हसून नमस्कार करा.

त्यानंतर भाष्यखंड. महागड्या हस्तलिखित-फॅक्सिमिलींसोबत अभ्यासकांनी लिहिलेला वेगळा खंड येतो. हाती-हाती विकताना तो मागे राहतो. तो नसेल तर किंमत बऱ्यापैकी उतरायला हवी. क्रमांकित आवृत्ती असेल तर प्रमाणपत्रही मागा. बार्सेलोनाचे प्रकाशक मोलेइरो त्यांच्या फॅक्सिमिलीच्या ९८७ प्रतीच काढतात आणि प्रत्येकीसोबत नोटरीने साक्षांकित केलेलं पत्र असतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या 'त्राक्तातुस दे हर्बिस' या वनस्पतींवरच्या सचित्र हस्तलिखिताचीही अशीच फॅक्सिमिली आहे. तिथे प्रमाणपत्राशिवायची प्रत घेऊच नये.

शेवटी बांधणी: जुजबंदी (दोऱ्याने शिवलेली) आहे की नुसती गोंदाने चिकटवलेली? हा प्रश्न बाइंडरच्या भाषेत विचारला की विक्रेता सावध होतो.

सावधान: वर्णनात 'सांस्कृतिक महत्त्व लक्षात घेऊन पुनर्प्रकाशित, मूळ प्रतीतले दोष राहिले असू शकतात' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर ते मागणीनुसार छापलेलं पुस्तक समजा. दुसरी खूण: त्या प्रकाशकाची सगळी पुस्तकं, मग ती ज्योतिषाची असोत की वनस्पतींची, एकाच आकाराची असतात.

आणखी एक गल्लत. 'होर्टुस मलाबारिकुस'चं के. एस. मणिलाल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ साली काढलं. अभ्यासाला ते फार उपयोगी आहे, माझ्याही टेबलावर असतं. पण ते भाषांतर आहे. मूळ लॅटिन पानांची मांडणी पाहायची हौस त्याने भागणार नाही.

टप्पा ४: पैसे आणि पार्सल

बाहेरून मागवताना बिलावर 'छापील पुस्तक' असं साधं वर्णन आणि छपाईचं वर्ष लिहायला सांगा. उत्साही विक्रेते 'दुर्मिळ कलावस्तू, १६१३' असं लिहितात आणि पार्सल कस्टममध्ये अडकून बसतं. २०१९च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागलं. मागवायच्या दिवशी दर काय आहे ते कुरियरवाल्याकडून लेखी घ्या आणि केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा. पार्सलचा विमा पूर्ण किमतीचा हवा.

परदेशातल्या आप्तांसाठी इथून नेत असाल तर खरेदीचं बिल आणि मुद्रण-टिपेच्या पानाची छायाप्रत हातातल्या बॅगेत ठेवा. ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचं पुस्तक तसं दिसणारं पण नवं आहे, हे विमानतळावर तुम्हालाच पटवून द्यावं लागतं.

टप्पा ५: खोकं उघडताना

आलं की लगेच फाडू नका. पावसाळ्यात किंवा एसी गोदामातून आलेलं खोकं घरातल्या कोरड्या खोलीत एक दिवस बंदच ठेवा. थंड कागद दमट हवेत एकदम उघडला की पानं लाटा घेतात, आणि चर्मपत्रासारखा जाड कागद असेल तर त्या लाटा सहजी जात नाहीत.

उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ करा: बंद खोकं, पत्ता, फीत कापणं, आतलं पॅकिंग, पुस्तकाचे चार कोपरे. कोपरा चेपलेला असेल तर नुकसानभरपाई याच व्हिडिओवर मिळते. पॅकिंग टाकून देऊ नका, परत पाठवायची वेळ आली तर असं खोकं पुन्हा मिळत नाही.

टप्पा ६: पानं जुळवणं

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. परत करण्याची मुदत संपायच्या आत करा. एका मोठ्या खंडाला दीड-दोन तास लागतात. हात धुऊन कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांत बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि कडा फाटते.

पानांच्या आकड्यांवर विसंबू नका. जुन्या छापखान्यांनी आकडे सर्रास चुकवलेत आणि खरी फॅक्सिमिली ती चूकही जशीच्या तशी ठेवते. १४६ नंतर १४९ आलं तर घाबरण्याआधी स्कॅन उघडा. तिथेही तसंच असेल तर पुस्तक बरोबर आहे.

त्याऐवजी दोन गोष्टी पाहा. पहिली, पानाच्या तळाशी उजवीकडे एकटाच छापलेला शब्द. त्या काळच्या बहुतेक छापील ग्रंथांत पुढच्या पानाचा पहिला शब्द असा खाली देत, म्हणजे बांधणाऱ्याचा क्रम चुकू नये. लॅटिनचं अक्षर न येताही तुम्ही तो शब्द पुढच्या पानाशी ताडून बघू शकता. जुळला नाही, तर मधलं पान गेलंय किंवा उलटसुलट लागलंय. दुसरी, फर्म्यांची (एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांची) अक्षरं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या काही पानांवर तळाशी ए, बी, सी अशी खूण असते. इथे हमखास गोंधळ होतो: लॅटिन छापखान्यांची वर्णमाला २३ अक्षरांची, आयनंतर थेट के येतं. जे नाही म्हणजे फर्मा गळला असं नाही. यू-व्ही मिळून एकच आणि डब्ल्यू नाही.

मग चित्रं मोजा. 'होर्टुस मलाबारिकुस'च्या पहिल्या खंडात ५७ चित्रपानं आहेत, पहिली चार नारळाची. बाराही खंड मिळून ७९४. प्रत्येक चित्राचा क्रमांक वहीत टिकमार्क करत जा. जोडपानावरचं चित्र मधोमध दुमडलंय की दोन तुकड्यांत छापलंय, आणि दुमडीत किती भाग गिळला गेलाय, ते लिहा. चांगल्या बांधणीत अशी पानं मधल्या पट्टीवर लावलेली असतात आणि पूर्ण सपाट उघडतात.

मराठी-कोकणी वाचकाला या ग्रंथात एक आयती सोय आहे. पहिल्या खंडाच्या सुरुवातीच्या पानांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीतल्या तीन कोकणी वैद्यांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र आहे, नागरी लिपीत. चित्रांवरही झाडांची नावं इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली आहेत. ही अक्षरं आपल्या ओळखीची असल्याने छपाईचा कस लगेच लागतो. माझ्या त्या साडेचार हजारांच्या खंडात अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या शाईने भरून गेल्या होत्या, 'ब' आणि 'व' यांच्यात फरक उरला नव्हता. लॅटिन मजकूर मात्र त्याच पुस्तकात ठीकठाक वाटत होता, कारण डोळ्याला त्याची सवयच नाही.

तपासा: मजकुरात 'एस'च्या जागी 'एफ'सारखं दिसणारं लांब अक्षर आहे का? असायला हवं, तो जुन्या छपाईतला लांब एस. सगळे एस आजच्यासारखे असतील, किंवा चक्क 'एफ' छापले असतील, तर मजकूर संगणकाने वाचून नव्याने जुळवलाय. पुस्तक परत करा.

टप्पा ७: भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं. पानाच्या एका काळ्या रेषेवर ते धरा. रेषा सलग, काठ स्वच्छ, तर छपाई चांगली. रेषेच्या जागी निळे-गुलाबी-पिवळे ठिपके गोल गोल नक्षीत दिसले तर चाररंगी ऑफसेट आहे. कागदाचा जुनाट रंग दाखवायचा म्हणून चांगले प्रकाशकही तसं छापतात. त्यात गैर काही नाही, पण 'रेषा जशीच्या तशी' असा दावा असेल तर तो खोटा. जुन्या कोलोटाइप (काचेवरून करायच्या) छपाईत अशी ठिपक्यांची जाळी दिसतच नाही.

तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेल्या मूळ चित्राभोवती पत्र्याच्या कडेची चौकोनी दाबखूण असते, बोट फिरवलं की लागते. ऑफसेट फॅक्सिमिलीत ती नसणं साहजिक आहे. उपयोग उलट बाजूने: कुणी चौकटीत लावलेलं सुटं चित्र 'बेस्लरचं अस्सल १६१३चं' म्हणून विकत असेल, तर आधी दाबखूण पाहा आणि मग भिंग लावा. ठिपके दिसले की समजा, एखादी फॅक्सिमिली फाडून तिची पानं विकली जातायत. नुसती दाबखूण नंतरही उठवता येते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका.

बांधणीसाठी मी पुण्यातल्या एका वयस्क बाइंडरकडे जातो. त्यांनी माझा फसलेला खंड हातात घेतला, बरोबर मध्यावर उघडला, दोन्ही अंगठे कण्यावर टेकवले आणि कान जवळ नेला.

'काका, कान कशाला?'

'गोंद बोलतो. ऐका.'

बारीक करकर ऐकू आली. शिवलेलं पुस्तक असं करकरत नाही, ते म्हणाले, आणि फर्म्याच्या मध्यात दोरा दिसतो. माझ्यात दोरा नव्हता. 'याला मी हात लावला तर पानं सुटतील. राहू द्या असंच.' तेव्हापासून फर्म्याच्या मध्यात दोरा शोधणं ही माझी पहिली तपासणी झालीय. कानाची कला त्यांची त्यांनाच जमते.

टप्पा ८: ठेवायचं कुठे आणि कसं

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. कागदाला ४० ते ५५ टक्के मानवते. चार-पाचशे रुपयांचं आर्द्रतामापक फडताळात ठेवा आणि त्याचा आकडा बघून निर्णय घ्या, अंदाजाने नको.

मोठे फोलिओ (मोठ्या पानांचे ग्रंथ) आडवे ठेवा, एकावर एक दोनपेक्षा जास्त नाही. उभा ठेवलेला जड ग्रंथ स्वतःच्या वजनाने कण्यातून खाली ओढला जातो. फडताळ बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यांत ठेवा, पुस्तकाला चिकटून नको, आणि रंग बदलला की वाळवून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं म्हणजे बुरशीला घर करून देणं. साधी सुती कापडाची पिशवी किंवा आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी बरी.

आजीच्या काळापासून पोथ्यांत कडुलिंबाचा पाला घालतात. घाला, पण मलमलच्या पुरचुंडीत बांधून फडताळात. पानांमध्ये ठेवलेला पाला डाग सोडतो, आणि तो डाग रंगीत फुलाच्या बरोबर मध्यावरच पडतो असा माझा अनुभव आहे. डांबरगोळ्या नकोत. सेलोटेप, लॅमिनेशन, नावाचा रबरी शिक्का तर अजिबात नको. मालकी लिहायची असेल तर मऊ पेन्सिलीने, शेवटच्या कोऱ्या पानावर.

महिन्यातून एकदा प्रत्येक खंड बाहेर काढा, पाच-दहा ठिकाणी उघडा, कण्याच्या आतल्या बाजूला कसर किंवा भुकटी दिसते का ते पाहा. दिसली तर तो खंड लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, आणि शेजारचे दोन खंडही त्याच दिवशी पानं उलटून तपासा.